पाणी पिणारा फुटपाथ

आमच्या तंत्रनिकेतनाची जुनी कार्यशाळा पाडली तेव्हा तिचा राडारोडा मागच्या मैदानात टाकला गेला. तात्पुरता. सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे ज्याच्यावर बाभूळ उगवते ते. बाभूळ उगवली, तिला शेंगा लागल्या, शेंगांसाठी बकऱ्या येऊ लागल्या. मी कर्मचारी सभेत त्या ढिगाऱ्याबद्दल तीनदा तक्रार केली. तिसऱ्या वेळी विभागप्रमुखांनी विचारलं, मॅडम, काँक्रीट तुम्हीच शिकवता ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग ढिगारा तुमचा.

त्याच सुमारास महापालिकेचं एक पत्र त्यांच्या टेबलावर पडलं होतं. उन्हाळ्यात शहर थंड ठेवण्यासाठी संस्थेने काही उपाय सुचवावेत, असा मजकूर. जळगावात एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी रस्त्यावर रिक्षावाले असतात आणि दुसरा इलाज नसलेली माणसं असतात. बाकीचे घरात कूलरसमोर बसून असल्या पत्रांचे मसुदे करतात. विभागप्रमुखांनी ते पत्र आणि माझी तक्रार एकाच टाचणीला टोचली. मला जो प्रकल्प मिळाला तो असा मिळाला.

कल्पना साधी होती आणि ती माझी नव्हती. डांबर आणि गडद काँक्रीट दिवसभर ऊन पोटात घेतं आणि संध्याकाळी ओकत बसतं. त्याऐवजी पाडकामातल्या विटा आणि काँक्रीट भरडून त्यांचे फिकट, सच्छिद्र ब्लॉक केले, तर फुटपाथ कमी तापतो, असं बरेच जण सांगतात. ढिगाराही संपतो. ते आपल्याकडे, आपल्या उन्हात खरं ठरतं का, एवढंच पाहायचं होतं.

शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींनी ढिगारा हातांनी निवडला. लोखंड एकीकडे, लाकूड एकीकडे, प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे एकीकडे. खडीच्या क्रशरवाल्याने माल भरडून दिला. एमआयडीसीतल्या एका ब्लॉकवाल्याने सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरू दिलं. अट एकच, आमच्या ब्लॉकवर त्याच्या कारखान्याचा शिक्का मारायचा नाही. पहिली खेप पाहिल्यावर त्याची अट किती शहाणपणाची होती ते कळलं. ब्लॉक हातात घेतला की बिस्किटासारखा मोडायचा. दुसरी खेप इतकी पक्की झाली की तिच्यात पाणीच शिरेना. तिसरी जमली. रंग बदामी, थोडा गुलाबीकडे झुकलेला, आणि मधूनच एखाद्या ब्लॉकमध्ये जुन्या फरशीचा निळा ठिपका.

बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला महापालिकेने पन्नास पावलांचा पट्टा दिला. पंचवीस पावलांवर नेहमीचे राखाडी ब्लॉक, पुढच्या पंचवीस पावलांवर आमचे. आसपास झाड एकही नाही, म्हणूनच ती जागा निवडली होती. पट्ट्याला लागून थंड पाण्याचे जार भरून विकणारं एक दुकान होतं, आणि दुकानासमोर टोपली घेऊन एक केळीवाली बसायची. यावल तालुक्याकडची, साठीच्या घरातली बाई. आम्ही ब्लॉक बसवत होतो तेवढे दिवस तिने टोपली उचलून समोरच्या बाजूला नेली होती, आणि काम संपल्याबरोबर पुन्हा आपल्या जागी आणून ठेवली होती. ती जागा आता आमच्या ब्लॉकवर आली होती, यात तिचा काही बेत नव्हता.

ब्लॉक बसले आणि परीक्षा सुरू झाल्या. अकरा ते पाच या वेळात दिवसातून पाचदा दोन्ही बाजूंचं तापमान मोजायचं होतं, आणि ते मोजायला माझ्याकडे कोणी उरलं नाही. मी दोन दिवस फोनवर माणूस शोधत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून आवाज आला, "मी जास ना. माले काय काम शे?"

ते माझे सासरे होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो.

आबांची ओळख करून द्यायची तर ती मलाही त्या उन्हाळ्याआधी फारशी नव्हती. सोनगीरजवळचं गाव त्यांचं. बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर मुकादम म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई वारल्यावर नवऱ्याने त्यांना जळगावला आणलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. नवरा ठिबक सिंचनाच्या धंद्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. म्हणजे घरात मी, माझी शाळेत जाणारी मुलगी आणि आबा. माझं आणि त्यांचं बोलणं चार वाक्यांचं होतं. चहा ठेवू का? वाढू का? गोळी घेतली का? येते मी. उत्तरादाखल ते मान हलवायचे. भांडण नव्हतं. भांडायला जेवढी ओळख लागते तेवढी नव्हती.

मी नाही म्हटलं. सून सासऱ्याला मे महिन्याच्या उन्हात फुटपाथवर बसवते, हे पाहायला कॉलनीतली निम्मी माणसं तरी गॅलरीत आली असती. मी नवऱ्याला फोन केला. तो शिरपूरकडे कुठल्या तरी शेतात होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, जाऊ दे त्यांना. उन्हाने काही व्हायचं तर तीस वर्षांपूर्वीच झालं असतं. घरात बसून ते गॅलरीतून ट्रक मोजतात.

मग मी आबांना एक खुर्ची, मोठी काळी छत्री, पाण्याची बाटली, एक जाड रजिस्टर आणि तापमान मोजायची बंदूक दिली. ही बंदूक म्हणजे कोरोनात प्रत्येक दारात कपाळाला लावायचे तसलंच यंत्र, फक्त जास्त तापमानाचं. आबांनी खिशात एक कांदा टाकला, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि रिक्षात बसले. रजिस्टरमध्ये मी रकाने आखून दिले होते: वेळ, राखाडी, आपले, शेरा. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवा, यंत्र बिघडलं तरच तिथे लिहा, असं मी बजावलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी आकडे पाहायचे. फरक होता, पण नाराज करण्याइतका कमी. आपले ब्लॉक राखाडीपेक्षा थोडे कमी तापत होते. पायाला कळणार नाही, कागदावर दिसेल, एवढेच. शेऱ्याचा रकाना मात्र भरलेला होता. आबा बोलायचे अहिराणी, पण लिहायचे खात्याच्या रोजनाम्याचं मराठी. पहिल्या दिवशीचा शेरा: "तीन इसमांनी कपाळ पुढे केले. त्यांचे तापमान नोंदविले नाही." दुसऱ्या दिवशीचा: "कुत्रे आपल्या बाजूस निजले. त्यास उठविले नाही." त्यानंतर: "ढग आला. गेला." मी दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी वाचायचं सोडलं. मला आकडे हवे होते.

तिसऱ्या आठवड्यात आकडे बदलले. दुपारी दोनच्या आणि साडेतीनच्या नोंदीत आमची बाजू एकदम खाली आली. आधी मला यंत्राचा दोष वाटला. कॉलेजातलं दुसरं यंत्र दिलं, तरी तेच. सलग सहा दिवस तेच. आता हा फरक पायालाच काय, चपलेलाही कळला असता. मी सातव्या दिवशी विभागप्रमुखांना सांगितलं, त्यांनी प्राचार्यांना, प्राचार्यांनी महापालिकेच्या अभियंत्यांना. अभियंत्यांनी प्राथमिक अहवाल मागवला. मी दोन पानांचा अहवाल पाठवला. त्यात "उत्साहवर्धक" हा शब्द चारदा होता. महापालिकेने पट्ट्याची पाहणी ठरवली, एका स्थानिक दैनिकात चार ओळींची बातमी आली, आणि माझ्या माहेरी धुळ्याला आईने ते कात्रण देवघराच्या भिंतीला चिकटवलं.

पाहणीसाठी सगळ्या नोंदी संगणकावर चढवायच्या होत्या, म्हणून एका रविवारी सकाळी मी रजिस्टर घेऊन बसले. आकडे बदलले त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं होतं: "जार दुकानाचे सांडपाणी केळीवाल्या बाईने बादलीने आपल्या बाजूस टाकले. वेळ दुपारी सव्वा." दुसऱ्या दिवशी: "सदर बाईने पुन्हा पाणी टाकले." तिसऱ्या दिवशी: "पाणी टाकले. दोन बादल्या. कुत्रे ओल्या जागेवर सरकले." पुढे सगळीकडे नुसतं "पाणी नेहमीप्रमाणे."

मी रजिस्टर मिटलं. पुन्हा उघडलं. अक्षर सुवाच्य होतं, शंकेला जागा नव्हती.

आबा गॅलरीत दाढी करत होते. मी विचारलं, आबा, ती बाई रोज पाणी टाकत होती? त्यांनी मान हलवली. मी विचारलं, मग तुम्ही मला सांगितलं का नाही? त्यांनी वस्तरा वाटीत बुडवला, पुसला, आणि म्हणाले, "माले जे दिखनं ते मी लिखं. रजिस्टर साहेब वाचस, आसं माले वाटे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. उभी नोकरी त्यांनी रोजनामा लिहिला होता आणि तो कोणी साहेब वाचतो असं धरून लिहिला होता. आता त्यांच्या लेखी साहेब मी होते. मी आत गेले आणि कुकर लावला.

सोमवारी मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच सांगितलं की शेऱ्याचा रकाना परिशिष्टात जोडायची काही सक्ती नसते. आकडे तर खरे आहेत ना? मी म्हटलं, आकडे खरे आहेत. ते म्हणाले, मग झालं. मी बाहेर आले. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पटलेलं होतं.

घरी आल्यावर मी आबांना म्हटलं की आता पाहणी होईपर्यंत ती बाई पाणी टाकते हे कोणाला सांगू नका, म्हणजे झालं. शेरे मी वगळते. आबांनी गोळीचा डबा बंद केला. मग त्या दोन वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच डोळ्याला डोळा भिडवून बोलले. "माय, हाई खोटं शे. तू उद्या मन्हासंगे चाल."

मी रजा टाकली आणि त्यांच्यासोबत गेले. फुटपाथ माझा, प्रकल्प माझा, अहवालावर सही माझी, आणि भरदुपारी त्या जागेवर मी एक तासही बसले नव्हते. अकरा वाजता बसलो. बाराला माझ्या खुर्चीच्या लोखंडी दांडीला हात लावता येईना. एक वाजता रस्त्यावरून येणारी वाफ डोळ्यांत जाऊ लागली. आबा उपरणं ओलं करून डोक्याला बांधून स्वस्थ बसले होते. येणारे-जाणारे त्यांना रामराम करत होते. एका रिक्षावाल्याने आजचा आकडा विचारला. माझ्या सासऱ्यांची शहरात इतकी ओळख आहे हे मला माहीत नव्हतं.

सव्वाला केळीवाली उठली. जारवाल्याकडे पाणी गाळायचं यंत्र होतं. गाळून उरलेलं खारट पाणी एका नळीतून गटारात जायचं. तिने त्या नळीखाली बादली लावली, भरल्यावर आणली, आणि टोपलीभोवती आमच्या ब्लॉकवर ओतली. मी तिला विचारलं की मावशी, पाणी इकडेच का टाकता, राखाडी बाजूला का नाही? तिने माझ्याकडे, मग आबांकडे पाहिलं. बहुधा, हिला एवढंही कळत नाही का, असं काहीसं तिच्या मनात असावं.

"तिकडं टाकलं तर वाहून रस्त्यावर जातं, लोक शिव्या देतात," ती म्हणाली. "हे पिऊन घेतं."

तिच्या बोलण्यातून बाकीचं कळलं. पाणी टाकल्यापासून केळी लवकर काळी पडत नव्हती, आणि तिला दुपारी टोपली उचलून दुकानाच्या सावलीत जावं लागत नव्हतं. तिने हे कोणाला विचारून केलं नव्हतं. आमचा प्रयोग चालू आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. आबांना ती पाटबंधारे खात्याचे पेन्शनर समजत होती.

आबांनी मला जवळ बोलावलं आणि एका ब्लॉकवर बोट टेकवलं. वरून कोरडा दिसत होता, बोट ओलं झालं. "वीट पानी पेस, माय," ते म्हणाले. "पानी पाजाबिगर गवंडी वीट लावत नई."

हे मी दरवर्षी शिकवते. बांधकामापूर्वी विटा भिजवून घ्याव्यात, अन्यथा त्या सिमेंटमधलं पाणी शोषून घेतात. दोन गुणांचा प्रश्न असतो. आमच्या ब्लॉकमध्ये निम्म्याच्या वर विटेचा चुरा होता. तो पाणी पोटात धरत होता आणि ऊन ते हळूहळू बाहेर ओढून घेत होतं, माठाच्या अंगातून ओढतं तसं. राखाडी ब्लॉक म्हणजे स्टीलचा हंडा. आम्ही माठ बनवला होता आणि तो रिकामाच उन्हात ठेवून थंड का होत नाही म्हणून बघत बसलो होतो.

त्या दिवशी आम्ही दोन्ही बाजूंना सारख्याच दोन-दोन बादल्या टाकल्या. राखाडी बाजू आबांचा चहा पिऊन होईपर्यंत कोरडी झाली आणि पुन्हा चटके देऊ लागली. आमची बाजू केळीवालीने संध्याकाळी टोपली उचलली तेव्हाही दमट होती. रजिस्टरमध्ये मी स्वतः शेरा लिहिला. आबांनी तो वाचला आणि त्यात वेळ घातली नव्हती ती घातली.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेला पत्र पाठवलं: आधीचा अहवाल मागे घेत आहे, कारण तो ओल्या ब्लॉकचा होता आणि तसं त्यात म्हटलेलं नव्हतं. अभियंत्यांनी मला कार्यालयात बोलावलं. सभ्य माणूस होता, माझ्याच वयाचा. पत्र दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, पाणी टाकलं की जमीन थंड होते, असा निष्कर्ष आहे? माझी आई रोज संध्याकाळी अंगणात सडा टाकते. तिलाही पत्र द्यायला सांगू का?"

मी राखाडी आणि आपले यांच्यातला फरक समजावला. त्यांनी तो समजूनही घेतला. मग त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली नागरिकांच्या तक्रारींची रांग होती आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी नळाच्या होत्या. ते म्हणाले की माणसांना पाणी पुरवता येत नाही आणि आम्ही फुटपाथला पाजलं, तर उद्या त्या रांगेचं तोंड कुठे वळेल ते तुम्हीच सांगा. पाहणी मात्र रद्द झाली नव्हती. ती रद्द करायला वेगळं पत्र लागतं आणि ते लिहायला कोणाला वेळ नव्हता.

मी हे जेवताना सांगितलं. चार वाक्यांचं बोलणं एव्हाना बरंच वाढलं होतं. आबा म्हणाले की नळाचं पाणी कोणी मागितलंय, जारवाल्याचं खारट पाणी दिवसभर गटारात जातंच आहे. आणि बादलीची गरज नाही. शेतातल्या कपाशीची जुनी ठिबकची नळी माळ्यावर पडली आहे. तो माळा आमचाच होता आणि नळी नवऱ्याने तात्पुरती ठेवली होती. नवरा त्या आठवड्यात घरी आला, आणि बापलेकांनी एका सकाळी जारवाल्याच्या परवानगीने ती नळी फुटपाथच्या कडेने अंथरली. नवऱ्याने आयुष्यात ऊस, केळी, कपाशी, डाळिंब सगळ्यांना ठिबक बसवलं होतं. फुटपाथला पहिल्यांदाच. त्याने जाताना अंतर मोजून फोटो काढला. मालकाला दाखवायचा म्हणाला.

ठिबक चांगलं चाललं. दहाएक दिवसांनी ब्लॉकवर पांढरा थर दिसू लागला. खारट पाण्यातला क्षार. पायाखाली तो कुरकुरायचा, आणि त्याने छिद्रं बुजतील ही भीती मला लागली. आबा तारेचा ब्रश घेऊन रोज सकाळी खरवडायचे. शेरा: "क्षार घासला. पुन्हा येईल." ही अडचण आम्हाला त्या उन्हाळ्यात सोडवता आली नाही. मी नव्या अहवालात ती जशीच्या तशी लिहिली.

पाहणीच्या दिवशी मी कॉलेजातून पट्ट्यावर पोचले तेव्हा तिथे मांडव घातलेला होता. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून कोणीतरी कळकळीने जवळजवळ सगळ्या पन्नास पावलांवर पांढरं कापड ताणलं होतं, सकाळी सातपासून. खुर्च्या, सतरंजी, जारचं पाणी. फुटपाथवर सतरंजीही अंथरली होती. ती मी काढायला लावली. मांडव काढायला मांडववाला नव्हता; तो दुसरीकडे लग्नाचा मांडव घालायला गेला होता.

अभियंते आले, सोबत तीन-चार जण. त्यांनी बंदूक घेतली, राखाडीवर धरली, आमच्या ब्लॉकवर धरली. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. सावलीत दुसरं काय होणार होतं? विभागप्रमुख आभाळाकडे पाहू लागले, पण वर मांडव होता.

आबा कडेला उभे होते. आयुष्यात साहेबांची गाडी आली की मुकादमाने रस्त्याच्या कडेला उभं राहायचं असतं, तसे. मला वाटलं ते तसेच राहतील. ते पुढे आले, टोपी नीट केली आणि कचेरीतलं मराठी वापरून म्हणाले, "साहेब, मांडवाबाहेर दोन्ही टोकांना दोन-दोन हात फुटपाथ मोकळा आहे. तिथे जरा जोडे काढून उभे राहा."

अभियंत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तर आबांच्या शेजारी उभं राहायचं होतं, म्हणून मी तिथे जाऊन उभी राहिले. अभियंते मांडवाच्या राखाडी टोकाकडून बाहेर गेले, बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, आणि ब्लॉकवर पाय ठेवला. दुसरा पाय ठेवेपर्यंत पहिला उचलला. मग ते मांडवातून झपझप चालत आमच्या टोकाला आले आणि तिथल्या दमट ब्लॉकवर उभे राहिले. तिथेही ऊन डोक्यावर होतंच. पण ते तिथून हलले नाहीत. पुढची सगळी चर्चा त्यांनी तिथूनच केली, अनवाणी. क्षाराचं काय, नळी चोरीला गेली तर काय, पावसाळ्यात शेवाळ धरलं तर काय; सगळे प्रश्न रास्त होते आणि निम्म्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचे बूट दुसऱ्या टोकाला होते, ते शेवटी शिपायाने आणून दिले. केळीवालीने त्यांना एक केळं दिलं. त्यांनी ते घेतलं.

अहवाल स्वीकारला गेला. शहरभर असले फुटपाथ झाले नाहीत. बाजाराजवळ बस थांब्यामागे आणखी एक पट्टा मंजूर झाला, आणि यापुढे पाडकामाचा राडारोडा नदीकाठी न टाकता एका ठिकाणी जमा करावा, असं एक पत्रक निघालं. त्याप्रमाणे काही ट्रक खरोखर येतात. आमच्या कॉलेजामागचा ढिगारा संपला. बाभूळ मात्र विभागप्रमुखांनी तोडू दिली नाही, सावली आहे म्हणाले.

पहिल्या पावसाच्या आधी आबा गावी गेले, पेरणीसाठी. जमीन वाट्याने दिलेली आहे, पेरणी दुसराच करतो, पण त्यांना तिथे उभं राहायचं असतं. मी त्यांना बस स्टँडवर सोडायला रिक्षाने गेले. वाटेत ते बाहेरचा रस्ता पाहत होते. मग म्हणाले, "तीस वरीस मी डांबर टाकं. बायाना पाय चटका लागीसन जयेत, तेसना पायले आम्ही गोणपाट बांधूत. रस्ता गारबी ऱ्हास, हाई माले माहीत नव्हतं."

मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. बस लागली होती. त्यांनी खिडकीतून मला सांगितलं की नळीची तोंडं आठवड्यातून एकदा उघडून धूत जा.

दिवाळीनंतर कसल्याशा केबलसाठी तो फुटपाथ उखडला. केबल टाकणाऱ्यांनी ब्लॉक परत बसवले, पण हाताला येईल तसे. राखाडी, बदामी, दोन राखाडी, एक बदामी. नळीचे तुकडे झाले होते. केळीवाली चार दिवस समोरच्या बाजूला बसली आणि मग तिला जिथे बदामी ब्लॉक सलग सात-आठ सापडले तिथे टोपली मांडून बसली.

मी संध्याकाळी अजून गावीच असलेल्या आबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पलीकडे बैलगाडी गेल्याचा आवाज आला.

"उखडताना फुटना का एखादा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मी सगळे मोजून आले, एकही नाही.

"मंग चालस," ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.